इलेक्ट्रिक केलेल्या पिकअपमध्ये साउंड सिस्टीम बसवताय? या चुका टाळा

इंजिन काढून मोटर बसवलेल्या पिकअपमध्ये साउंड सिस्टीम बसवताना एक गोष्ट आधी पक्की लक्षात घ्या. या गाडीतली 12 व्होल्टची लाइन नुसती दिवे-वायपरची नाही. मुख्य कॉन्टॅक्टर (मोटरच्या मोठ्या बॅटरी पॅकची वीज जोडणारा-तोडणारा स्विच), बीएमएस (त्या पॅकवर लक्ष ठेवणारं सर्किट), मोटर कंट्रोलर आणि ब्रेकचा व्हॅक्यूम पंप, सगळे तिच्यावरच चालतात. पेट्रोल-डिझेल गाडीत बेसच्या ठोक्याला दिवे मिणमिणले तरी इंजिन चालूच राहतं. इथे व्होल्टेज जास्त घसरलं तर बीएमएस रीसेट होतो किंवा कॉन्टॅक्टर सुटतो आणि चालत्या गाडीची ताकद जाते. वर भाराखाली उघडलेल्या कॉन्टॅक्टरचे पॉइंट जळून चिकटण्याचा धोका राहतो तो वेगळाच.

डीसी-डीसी कन्व्हर्टरचा हिशोब न करता ॲम्प (ॲम्प्लिफायर) घेणं

इथे इंजिनावर फिरून वीज बनवणारा ऑल्टरनेटर नाही. मुख्य पॅकमधून 13.8 व्होल्टच्या आसपास वीज देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर हाच एकमेव पुरवठा. तो 1000 वॅटचा असेल तर जास्तीत जास्त 72 अँपिअर देतो. त्यातून साधे हॅलोजन हेडलाइट 8, हवेचा ब्लोअर पूर्ण वेगात 15 ते 20, वायपर 5, कूलंट पंप 3 ते 5 आणि व्हॅक्यूम पंप चालू झाला की 10 ते 15 वजा करा. पावसाळी रात्री हाताशी 20-25 अँपिअर उरतात. पॉवर स्टिअरिंगला इलेक्ट्रिक पंप असेल, तर गाडी लावताना तो एकटाच एवढं ओढतो की काहीच उरत नाही.

आता ॲम्पचा हिशोब. खोक्यावर छापलेला ‘पीक’ किंवा ‘मॅक्स’ आकडा सोडून द्या, आरएमएस, म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीचा आकडाच धरा. चार चॅनेलचा 4×75 वॅट आणि वूफरसाठी (बेसचा मोठा स्पीकर) 500 वॅटचा मोनो (एका चॅनेलचा), म्हणजे एकूण 800 वॅट. क्लास-डी ॲम्पची कार्यक्षमता साधारण 80 टक्के धरली तर पूर्ण ताकदीला 1000 वॅट, म्हणजे तेच 72 अँपिअर. कमी कार्यक्षमतेचा क्लास-एबी घेतला तर मागणी आणखी वाढते. खरं संगीत सतत पूर्ण ताकदीने वाजत नाही, सरासरी खेच याच्या एक तृतीयांशाच्याही आत राहते. म्हणून नियम असा ठेवा: सरासरी कन्व्हर्टरने द्यायची आणि क्षणिक उसळी 12 व्होल्टच्या बॅटरीने सोसायची.

नेमकं इथेच बरेच जण फसतात. स्टार्टर फिरवायचा नाही म्हणून गाडी बदलताना दुचाकीच्या आकाराची, 7 ते 18 अँपिअर-तासाची बॅटरी बसवलेली असते. तिच्यावर असा ॲम्प लावू नका. 40 ते 60 अँपिअर-तासाची एजीएम (सीलबंद लेड-ॲसिड) बॅटरी बसवा आणि कन्व्हर्टरचं आउटपुट तिच्या चार्जिंग व्होल्टेजशी जुळतंय का ते मीटरने बघा.

बॅटरीऐवजी 1 फॅराडचा कपॅसिटर (क्षणभर वीज साठवणारा भाग) लावण्याचा सल्ला सर्रास मिळतो. 13.8 वरून 12 व्होल्टपर्यंत उतरताना तो जेमतेम 23 जूल ऊर्जा देतो. 1000 वॅटच्या मागणीला ती 23 मिलिसेकंद पुरते. 40 हर्ट्झच्या बेसची एक लहर 25 मिलिसेकंदांची असते, म्हणजे एक लहरसुद्धा पूर्ण होत नाही. ते पैसे जाड केबलवर घाला.

मुख्य पॅकच्या काही सेलमधून 12 व्होल्ट काढणं

हे कधीच करू नका. तेवढेच सेल जास्त रिकामे होतात, पॅकचा तोल बिघडतो आणि बीएमएस त्या सेलच्या पायी सगळा पॅक बंद करतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की उच्च दाबाची बाजू गाडीच्या बॉडीपासून पूर्ण वेगळी ठेवलेली असते आणि या जोडणीने तो अलगपणा संपतो. ॲम्पची बॉडी, स्टिरिओकडून ॲम्पला सिग्नल नेणाऱ्या आरसीए केबलची जाळी, स्टिरिओचं कव्हर हे सगळं पॅकशी जोडलं जातं. ‘नॉन-आयसोलेटेड’ स्वस्त कन्व्हर्टरचा परिणाम तोच, कारण त्याची इनपुट आणि आउटपुट निगेटिव्ह आतून एकच असते. ॲम्पसाठी दुसरा कन्व्हर्टर घ्यायचाच असेल तर आयसोलेटेड घ्या आणि त्याला स्वतंत्र बॅटरी द्या. दोन कन्व्हर्टर थेट समांतर जोडले तर ज्याचं व्होल्टेज जरा जास्त, तोच सगळा भार उचलत बसतो.

केबिनमध्ये आंधळेपणाने ड्रिल मारणं

सीटमागचा पत्रा किंवा फरशी यांच्या पलीकडे उच्च दाबाची नारिंगी केबल किंवा बॅटरीची पेटी असू शकते. गाडी बदललेली आहे, त्यामुळे कंपनीच्या मॅन्युअलमधली आकृती इथे कामाची नाही. खाली वाकून स्वतः बघा, माप घ्या आणि ड्रिलच्या बिटला स्टॉपर लावा. सर्व्हिस डिस्कनेक्ट (पॅकची वीज तोडणारा प्लग) काढून कंट्रोलरमधल्या कपॅसिटरमधली वीज उतरायला किमान 10 मिनिटं द्या. पॅक उघडायचं किंवा नारिंगी केबल हलवायचं काम निघालं तर ते उच्च दाबाचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडेच द्या. प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट हवाच.

केबल, फ्यूज आणि हरवलेला अर्थिंगचा पट्टा

वरच्या 72 अँपिअरसाठी 5 मीटर अंतरावर 25 चौरस मिमी तांब्याची केबल घेतली तर एका बाजूला पाव व्होल्ट पडतो. 10 चौरस मिमी घेतली तर सहा दशांशाहून जास्त. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम केबल दिसायला तेवढीच जाड असते, पण तिचा रोध सुमारे दीडपट. केबलचं टोक चाकूने खरवडून बघा, आत चांदीसारखा रंग दिसला तर ती परत करा. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून 45 सेमीच्या आत हवा, कारण तो ॲम्पसाठी नाही, केबलसाठी असतो. 25 चौरस मिमीच्या तांब्याच्या केबलला 100 अँपिअरचा चालेल. पुढे दोन ॲम्पना वाटणी करताना पातळ फाट्यांना त्यांच्या जाडीप्रमाणे वेगळे फ्यूज द्या.

पिकअपची केबिन, चॅसी आणि हौदा हे तीन वेगळे भाग असतात, मधे रबरी माउंट. मूळ गाडीत इंजिनापासून चॅसीला आणि केबिनला अर्थिंगचे पट्टे होते. इंजिन निघालं तेव्हा तेही बऱ्याचदा भंगारात गेले. मग केबिनच्या पत्र्याला जोडलेल्या ॲम्पचा करंट परत येताना एखाद्या पातळ वायरीतून, नाहीतर चक्क आरसीए केबलच्या जाळीतून वाट काढतो आणि स्पीकर गुणगुणायला लागतात. सरळ उपाय म्हणजे पॉझिटिव्हइतकीच जाड निगेटिव्ह केबल थेट बॅटरीपर्यंत न्या. पत्र्यालाच जोडायचं असेल तर रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, क्रिम्प केलेला लग, दातेरी वॉशर आणि एम-8 बोल्ट वापरा, वरून गंजरोधक मारा आणि केबिन ते चॅसी नवा पट्टा टाका. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी वापरू नका.

तपासणी मीटरच्या ओहम रेंजवर करू नका, एवढा लहान रोध साध्या मीटरला समजतच नाही. बेस मोठ्याने चालू ठेवून बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलपासून ॲम्पच्या निगेटिव्हपर्यंत डीसी व्होल्टेज मोजा. 0.2 च्या वर गेलं तर जोड कच्चा आहे. मग एक प्रोब जागेवर ठेवून दुसरा एकेक जोडाने पुढे सरकवा, आकडा जिथे उडी मारतो तिथेच पान्हा लावा.

ॲक्सिलरेटरबरोबर येणारी शिट्टी

मोटर कंट्रोलर हजारो वेळा प्रति सेकंद स्विच करतो आणि मोटरकडे जाणाऱ्या तीन जाड केबल त्या लहरी बाहेर फेकतात. त्यांच्या शेजारून आरसीए केबल नेली तर पेडल दाबताच शिट्टी येणार, आणि इथे ती झाकायला इंजिनाचा आवाज नाही. किमान 30 सेमी अंतर ठेवा, ओलांडावं लागलंच तर काटकोनात ओलांडा. पीळ दिलेल्या जोडवायरीची आरसीए आणि डिफरन्शियल इनपुट (दोन्ही तारांत सारखा आलेला गोंगाट वगळणारं) असलेला ॲम्प घ्या.

शिट्टी आधीच येत असेल तर अंदाजाने फिल्टर लावत सुटू नका. चाकं उचलून गाडी स्टँडवर घ्या. पॉवर बंद करून ॲम्पच्या बाजूची आरसीए काढा आणि इनपुटला शॉर्टिंग प्लग (मधली पिन आणि जाळी जोडून टाकणारा) लावा. पेडल दाबल्यावर आवाज तसाच राहिला तर दोष पुरवठ्यात किंवा अर्थिंगमध्ये. गेला, तर आरसीए परत लावा आणि स्टिरिओकडचं टोक काढून त्याची मधली पिन व जाळी शॉर्ट करा. आता आवाज आला तर केबल लहरी पकडतेय, तिचा मार्ग बदला. नाही आला तर स्टिरिओचं अर्थिंग बघा. मोटर थांबलेली असतानाही येणारा एकसुरी आवाज बहुधा कन्व्हर्टरचा किंवा पंपाचा असतो. पंप एकेक बंद करून बघा, कन्व्हर्टरच्या आउटपुटवर फेराइट रिंग लावा. एएम रेडिओची खरखर मात्र अशा गाडीत क्वचितच पूर्ण जाते.

रिमोट वायर चुकीच्या जागी

कन्व्हर्टर बहुतेक गाड्यांत मुख्य कॉन्टॅक्टर लागल्यावरच सुरू होतो. रिमोट वायर (ॲम्प चालू-बंद करणारी) नुसत्या ॲक्सेसरीवर (चावीचा गाडी चालू न करणारा टप्पा) असेल तर उभ्या गाडीत गाणी ऐकताना 12 व्होल्टची बॅटरी उतरते आणि मग कॉन्टॅक्टर लागायलाच ताकद उरत नाही. पॅक भरलेला असूनही गाडी जागची हलत नाही. छोट्या रिलेची कॉइल गाडीच्या ‘रेडी’ (गाडी चालायला तयार) सिग्नलवर घ्या आणि रिमोट त्या रिलेतून चालवा.

गेन कानाने लावणं

गेन म्हणजे व्हॉल्यूम नाही, स्टिरिओच्या सिग्नलशी ॲम्प जुळवण्याची ती सेटिंग आहे. स्पीकर सोडवा, इक्वलायझर सपाट करा, स्टिरिओ तीन चतुर्थांशावर ठेवा. वूफरला 50 हर्ट्झचा, दरवाज्याच्या चॅनेलला 1000 हर्ट्झचा टेस्ट टोन लावा आणि ॲम्पच्या आउटपुटवर एसी व्होल्टेज मोजा. हवी असलेली वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: 75 वॅट 4 ओहमला 17.3 व्होल्ट, 500 वॅट 2 ओहमला 31.6. दोन 4 ओहम कॉइलचा वूफर समांतर जोडला तर 2 ओहम होतो. असे दोन वूफर समांतर केले की 1 ओहम, आणि तो प्रत्येक ॲम्पला झेपत नाही.

दरवाज्याच्या स्पीकरना 80 हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचा बेस अडवणारा फिल्टर) द्या, स्क्रू आवळण्याआधी काच पूर्ण खाली घेऊन मॅग्नेटला लागत नाही ना ते बघा, आणि ब्यूटाइल शीट (पत्र्याची थरथर दाबणारी) लावताना दाराच्या तळाची पाण्याची भोकं मोकळी ठेवा. ॲम्प हौद्यात बसवू नका. रेंज घटेल ही भीती मात्र सोडा. सरासरी 200-300 वॅटची खेच मोटरला लागणाऱ्या कित्येक किलोवॅटपुढे किरकोळ आहे.