रेंज नाही, पाऊस चालू, फोन हातात: ट्रेकसाठी मोबाइल घेताना या चुका टाळा

ऑगस्टमधला शनिवार होता. राजगडाच्या संजीवनी माचीवरून आळू दरवाज्यानं उतरून आम्ही तोरण्याच्या धारेला लागलो होतो. कारवी डोक्याच्या वर गेलेली, धुकं इतकं दाट की पुढच्याची सॅक दिसेना. एका ठिकाणी वाटेला दोन फाटे फुटले. दोन्ही सारख्याच मळलेल्या, म्हणजे एक नक्की ढोरवाट. माझ्या खिशात पंचवीस हजारांचा, दुकानदारानं 'वॉटरप्रूफ आहे, डोळे झाकून घ्या' म्हणून गळ्यात मारलेला नवा फोन. ऐटीत बाहेर काढला, नकाशा उघडला, आणि स्क्रीनवर पडणाऱ्या प्रत्येक थेंबाला फोन बोट समजायला लागला. नकाशा आपोआप सरकत, झूम होत अरबी समुद्रात जाऊन थांबला. पुसायला अंगावर कोरडं असं काही उरलंच नव्हतं.

वाट दाखवली ती एका मित्राच्या तीन वर्षं जुन्या, कोपऱ्यात काच तडकलेल्या फोननं. त्यानं तो साध्या झिपच्या पारदर्शक पिशवीत ठेवला होता आणि पिशवीवरूनच बोट फिरवत होता.

माझ्या फोनमध्ये बिघाड काहीच नव्हता. मी तो घरात बसून वापरायच्या फोनसारखा निवडला होता, एवढंच. कॅमेरा, रॅम, रंग. डोंगरात फोनला एकच प्रश्न विचारायचा असतो: मी कुठे आहे आणि तोंड कुठल्या दिशेला आहे? त्याचं उत्तर ओल्या हातांना, रेंज नसताना, दुपारच्या उन्हात मिळालं पाहिजे. पुढच्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

आयपी ६८ वाचून निर्धास्त होणं

आयपी ६८ म्हणजे फोन धूळ-पाण्यापासून किती सुरक्षित आहे त्याचा दर्जा. यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ८ म्हणजे कंपनीनं सांगितलेल्या खोलीपर्यंत आणि वेळेपर्यंत फोन पाण्यात बुडवला तरी पाणी आत जात नाही. बहुतेक कंपन्या दीड मीटर आणि अर्धा तास असं सांगतात. ही चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात आणि नव्याकोऱ्या फोनवर होते. धबधब्याची धार त्यात धरलेली नाही, कोकणातल्या समुद्राचं खारं पाणी तर नाहीच. दोन-तीनदा आपटलेल्या, एकदा स्क्रीन बदललेल्या फोनचं सील तसंच राहिलं असेल याची खात्री कोण देणार?

आणि मुख्य म्हणजे हा आकडा पाणी आत जाण्याबद्दल आहे, ओल्या काचेवर टच चालण्याबद्दल नाही. ते दुकानात तपासता येतं. खिशात छोटी स्प्रे बाटली न्या, डेमोच्या फोनवर दोन फवारे मारायची परवानगी मागा आणि नकाशा हलवून बघा. दुकानदार विचित्र नजरेनं बघेल, बघू द्या. काही नव्या फोनमध्ये ओल्या हातांसाठी टच सुधारलेला असतो आणि फरक लगेच कळतो. तसा फोन बजेटात बसत नसेल तर झिपची पिशवी आहेच.

वॉरंटीबद्दल एक. सिमच्या खाचेत आत एक बारीकशी पांढरी पट्टी असते, ती पाणी लागलं की लाल किंवा गुलाबी होते. सर्व्हिस सेंटरवाला आधी टॉर्च मारून तीच बघतो. लाल दिसली की 'लिक्विड डॅमेज', आणि मग बॉक्सवरचं आयपी ६८ कितीही वेळा दाखवा, उपयोग शून्य. माझं हे एकदा झालंय.

फोन भिजलाच तर बंद करा, चार्जिंगचं तोंड खाली करून हलकेच आपटा आणि हवेशीर जागी ठेवा. ओला असताना चार्जिंग लावू नका. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा घरगुती उपाय तर मुळीच नको. तांदळाचे कण आत जाऊन बसतात. ॲपलनंही २०२४ मध्ये ते करू नका असं सांगितलं.

'मिलिटरी ग्रेड'ला भुलणं

मिल-एसटीडी-८१० हे अमेरिकी सैन्याचं चाचण्यांचं पुस्तक आहे, पण फोनला तसा शिक्का देणारी कुठली सरकारी कचेरी नाही. कंपनी त्यातल्या हव्या त्या चाचण्या निवडते, स्वतः करते किंवा करून घेते. फोन आपटण्याच्या प्रसिद्ध चाचणीत तो १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा पाडतात, तेही काँक्रीटवर अंथरलेल्या दोन इंची प्लायवुडवर. आपल्याकडे खाली काळा कातळ असतो. शिवाय असे जाडजूड फोन खिशात विटेसारखे लागतात, म्हणून सॅकमध्ये जातात, आणि सॅकमधला नकाशा कोणी सारखा काढून बघत नाही. साधा फोन, कडा उंच असलेलं रबरी कव्हर आणि मनगटाला दोरी एवढं मला पुरतं.

कंपास आहे की नाही, हे न बघणं

सगळ्यात जास्त फसवणारी चूक ही. जीपीएस तुम्ही कुठे आहात ते सांगतो. उभ्या जागी तुमचं तोंड कुठे आहे हे त्याला कळत नाही. ते सांगायला फोनमध्ये मॅग्नेटोमीटर, म्हणजे कंपासचा सेन्सर, लागतो. स्वस्त फोनमध्ये पाच-दहा रुपये वाचवावेत तसा तो वगळलेला असतो. असा फोन चालताना दिशा बरोबर दाखवतो, कारण मागच्या दोन बिंदूंवरून तो अंदाज बांधतो. रस्त्यावर, गाडीवर काहीच खटकत नाही. पण फाट्यावर माणूस थांबतो. आणि नेमकं थांबल्यावर बाण मन मानेल तिकडे तोंड करून बसतो.

स्पेसिफिकेशनच्या यादीत 'ई-कंपास' किंवा 'मॅग्नेटोमीटर' शोधा. दुकानात नकाशा उघडून जागच्या जागी गोल फिरा. निळ्या ठिपक्याचा बाण किंवा झोत तुमच्याबरोबर फिरला पाहिजे. कंपास असूनही दिशा चुकत असेल तर आधी पाकिटासारखं चुंबकाचं कव्हर काढा. मग हवेत इंग्रजी आठचा आकडा काढत फोन फिरवा, कंपास ताळ्यावर येतो.

रेंज गेली की जीपीएस गेला, असं समजणं

उपग्रहाचा सिग्नल घ्यायला सिमसुद्धा लागत नाही. मोबाइल नेटवर्क मदत करतं ती सुरुवातीला: कोणता उपग्रह आकाशात कुठे आहे ही माहिती नेटवरून चटकन मिळते. नेट नसेल तर तीच माहिती उपग्रहाकडून सेकंदाला ५० बिट या मुंगीच्या चालीनं घ्यावी लागते. एका उपग्रहाचा तपशील यायला अर्धा मिनिट, सगळ्यांची ढोबळ यादी हवी असेल तर साडेबारा मिनिटं. म्हणून पायथ्याच्या गावात, चहा होईपर्यंत, नकाशाचं ॲप उघडून ठेवा. वर धुक्यात 'लोकेशन शोधत आहे' बघत बसावं लागत नाही.

मोकळ्या पठारावर साधा फोनही पाचेक मीटरपर्यंत अचूक असतो. गंमत होते ती सांदण दरीत, किंवा हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेत. तिथे सिग्नल कातळावर आपटून उशिरा पोचतो आणि फोनच्या मते तुम्ही कड्याच्या आतून चालत असता. यावर खरा उपाय म्हणजे दोन फ्रीक्वेन्सी घेणारा फोन: नेहमीची एल१ आणि जोडीला एल५. एल५ चा सिग्नल दहापट बारीक तुकड्यांत येतो, त्यामुळे थेट आलेला कोणता आणि भिंतीवरून परतलेला कोणता हे फोनला जास्त चांगलं ओळखता येतं. आपल्या इस्रोचा नाविक, म्हणजे जीपीएसचा भारतीय भाऊ, हाही एल५ वर चालतो, आणि त्याचे उपग्रह भारताच्या डोक्यावरच्या आकाशात असल्यानं अरुंद घळीतही एखादा दिसण्याची आशा असते. २०१८ मध्ये शाओमीच्या एमआय ८ पासून दोन फ्रीक्वेन्सीचे फोन यायला लागले. बॉक्सवर हे धड लिहिलेलं नसतं. अँड्रॉइडवर 'जीपीएसटेस्ट' नावाचं मोफत ॲप टाकून उघड्यावर उभं राहा. यादीत एल५ दिसलं पाहिजे.

उंचीच्या आकड्याबद्दलही लोक हैराण होतात. कळसूबाई १६४६ मीटर, आणि माथ्यावर ॲप दाखवतं १५८०! फोन बिघडलेला नाही. जीपीएस उंची मोजतो ती पृथ्वीच्या गणिती, गुळगुळीत आकारापासून. प्रत्यक्ष समुद्रपातळी आपल्या भागात त्याच्या साधारण साठ-सत्तर मीटर खाली आहे, कारण भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात गुरुत्वाकर्षणाचा मोठा खळगा आहे. चांगली ॲप हा फरक वजा करून दाखवतात, साधी करत नाहीत. जुहू चौपाटीवर उभं राहून तुमचं ॲप उणे साठ दाखवतंय का बघा.

गूगलचा नकाशा डाउनलोड केला म्हणजे झालं

नाही झालं. गूगलचा ऑफलाइन नकाशा गाडीचा रस्ता सांगतो. पायी चालण्याचा मार्ग ऑफलाइन मिळत नाही, आणि डोंगरातल्या बहुतेक वाटा त्यात नसतातच. ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेल्या मोफत नकाशावर, चालणारी ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँडसारखी ॲप घ्या, त्यात सह्याद्रीतल्या पुष्कळ वाटा ट्रेकर मंडळींनीच काढून ठेवल्यात. आधी गेलेल्या कुणाकडून जीपीएक्स फाइल, म्हणजे त्यांच्या चाललेल्या वाटेची नोंद, मिळाली तर उत्तम, फक्त ती कुठल्या ऋतूतली आहे ते विचारा. मे महिन्यातली वाट ऑगस्टमध्ये ओढ्याखाली असते. आणि घरी असतानाच फोन विमान मोडवर टाकून ती फाइल उघडून बघा.

बॅटरीचा भलताच हिशोब

जीपीएस बॅटरी खातो हे खरं, पण डोंगरात खरा खादाड म्हणजे रेंज शोधणारा फोन. टॉवर सापडेना की तो जोर लावून शोधत राहतो. विमान मोडवर टाका; सध्याच्या फोनमध्ये जीपीएस त्यातही चालू राहतो. मी दर तासाला पाच मिनिटं नेटवर्क चालू करतो, घरच्यांना एक एसएमएस टाकतो आणि बंद करतो.

पॉवर बँकवर १०,००० लिहिलेलं असतं ते आतल्या सेलचं, ३.७ व्होल्टला. ते ५ व्होल्टवर चढवताना आणि पुन्हा फोनमध्ये भरताना बरंच वाया जातं. ५,००० एमएएचचा फोन त्यातून दोनदा नाही, दीडदा भरतो असं धरून चला.

'रेकॉर्डिंग मध्येच बंद पडलं, ॲप भंगार आहे' ही तक्रार तर दर पावसाळ्यात ऐकतो. दोष बहुतेक वेळा बॅटरी सेव्हरचा असतो. स्क्रीन बंद झाली की फोन मागे चालणारं ॲप मारून टाकतो, आणि घरी आल्यावर नकाशावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत एक सरळ रेघ दिसते, जणू तुम्ही उडत गेलात. सेटिंगमध्ये त्या ॲपच्या बॅटरीपुढे 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा, लोकेशनची परवानगी तपासा, आणि खात्री करायला सोसायटीभोवती अर्धा तास फेरी मारून बघा.

बाइकवाल्यांसाठी: हँडलवरच्या होल्डरमध्ये फोन लावून ताम्हिणी करायची हौस असेल तर कॅमेऱ्याचा विचार करा. इंजिनाच्या थरथरीनं कॅमेरा स्थिर ठेवणारी यंत्रणा खराब होऊ शकते, हे ॲपलनं २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलंय. थरथर शोषणारा रबरी डँपर असलेला होल्डर घ्या, नाहीतर जुना फोन लावा.

मदत मागताना चुकीचा पत्ता देणं

स्वतःची रेंज नसली तरी ११२ लावून बघा. दुसऱ्या कंपनीचा टॉवर सापडला तर फोन लागू शकतो. व्हॉट्सॲपच्या लाइव्ह लोकेशनला नेट लागतं, अशा वेळी अक्षांश-रेखांशाचे आकडे एसएमएसनं पाठवावेत. इथे जीवघेणी गफलत होते. हरिश्चंद्रगडावर फोन अक्षांश दाखवतो १९.३८. घाबरलेला माणूस तो फोनवर सांगतो 'एकोणीस, अडतीस', आणि पलीकडचा लिहून घेतो १९ अंश ३८ मिनिटं. १९.३८ म्हणजे खरं तर १९ अंश २३ मिनिटांच्या जवळपास. शोधपथक २८ किलोमीटर उत्तरेला, कळसूबाईच्याही पलीकडे जाईल. 'एकोणीस पॉइंट' असं ठासून सांगा, पुढचे निदान चार आकडे सांगा, आणि समोरच्याकडून परत म्हणून घ्या.

परदेशातून सुट्टीला येऊन ट्रेक करणाऱ्या मंडळींनी एवढं बघावं. तिकडे सर्रास मिळणारी गार्मिन इनरीचसारखी उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं भारतात सरकारी परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. गोव्याच्या विमानतळावर त्यावरून परदेशी पाहुण्यांना अडवलं गेलंय. माझा भाचा गेल्या डिसेंबरात येताना ते घेऊन निघणार होता. त्याला म्हटलं, ते तिकडेच ठेव, येताना झिपच्या पिशव्यांचं पाकीट आण.