वस्तीची शाश्वतता मोजायला निघालेल्यांसाठी

नगररचनेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात मी पुण्याच्या वेशीवरील निवासी वस्त्यांची शाश्वतता मोजण्याचा विषय घेतला, तेव्हा निर्देशकांची वाण नव्हती. हरित बांधकामांना मानांकन देणाऱ्या ग्रीहा, आयजीबीसी आणि लीड यांच्या वस्तीपातळीवरील मूल्यांकनपद्धती हाताशी होत्या. परंतु त्या प्रामुख्याने एकसंध, नियोजित प्रकल्पांसाठी बेतलेल्या आहेत. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली, आणि तिथे गावठाण, गुंठेवारीची घरे व बारा मजली सोसायट्या एकाच रस्त्याला लागून असतात. म्हणून आधी वस्तीची सीमा ठरवावी. प्रभागाची हद्द निवडणुकीगणिक बदलू शकते, आणि २०११ च्या जनगणनेवर विसंबल्यास आपण आजची वस्ती नव्हे, तेव्हाचे गाव मोजतो.

सर्वाधिक वेळ पाण्याला द्यावा. दरडोई दररोज १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा प्रचलित निकष धरला, तर १२० सदनिकांच्या सोसायटीला, घरटी चार माणसे मानून, रोज ६४,८०० लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या सुमारे साडेसहा खेपा लागतात. नळाला किती पाणी येते हे विचारले की उत्तरे गोलमोल मिळतात. सुरक्षारक्षकाच्या वहीत मात्र टँकरचा क्रमांक, वेळ आणि सही असते, आणि मार्चपासून त्या नोंदींची दाटी वाढत गेलेली स्पष्ट दिसते. निकषाएवढे पाणी मिळाले म्हणून पूर्ण गुण देणे मला मान्य नाही, कारण ते पाणी बहुधा शेजारच्या गावातील विहिरीतून किंवा बोअरमधून उपसलेले असते. सांडपाणी प्रक्रिया केंद्राबाबतही परवानगीचा कागद पाहून थांबू नये. त्याचे स्वतंत्र वीजमीटर असल्यास त्यावरील वापर पाहावा, म्हणजे केंद्र खरोखर चालते का ते कळते.

वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतील निर्देशकात बसथांबा ५०० मीटरच्या आत अपेक्षित आहे. नकाशावर थांब्याभोवती वर्तुळ काढून हे अंतर मोजू नये, कारण मध्ये ओढा किंवा बंदिस्त सोसायटीची भिंत आली की चालण्याची वाट सहज दुप्पट होते.

या साऱ्यांची बेरीज करून एकच निर्देशांक काढण्याचा आग्रह मार्गदर्शक धरतील. तो काढावा, पण पाणी, वाहतूक आणि मोकळ्या जागा यांचे गुण शेजारी वेगळे छापावेत; अन्यथा हिरवळीचे गुण टँकरवरील अवलंबित्व झाकतात, आणि ती हिरवळही अनेकदा टँकरच्याच पाण्यावर जगते.