खान्देशातून खाडीवर गळ टाकायला निघताय? आधी तिथी बघा

हतनूर, गिरणा धरणावर रात्र रात्र गळ टाकून बसणाऱ्याला मासेमारी शिकवायची गरज नाही, पण कोकणातल्या खाडीच्या तोंडाशी, म्हणजे समजा दापोली तालुक्यातलं केळशी, तिकडे तंबू घेऊन जायचं असेल तर भो, रॉडच्या आधी पंचांग काढा.

तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, साधारण त्या वाजेला पूर्ण भरती. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. पुढची भरती साडेबारा तासांनी आणि रोज पाऊण-एक तास उशिरा. म्हणजे आपले लोक पौर्णिमेचं चांदणं बघून निघतात तेव्हा पाणी दुपारी आणि रात्री सव्वाअकरा-बाराच्या सुमारास चढतं, तेही उधाणाचं, आणि सगळे झोपलेले असतात. मी तर दशमी-एकादशीच सांगेन, अंधार पडता पडता भरती, झोपायच्या आधी पाणी कुठवर येतं ते डोळ्यांनी दिसतं आणि पुढची भरती सकाळी उजेडात. अष्टमीला भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढ-उताराची भरती असते, ओढ कमी, मासा पण सुस्त. तरी टाइड टेबल, म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक, मोबाईलवर डाउनलोड करूनच निघा.

गळ टाकायचा तो पाणी फिरतं तेव्हा. भरतीचे पहिले दोन तास आणि ओहोटी लागताना बोय, कोळंबी वाहत येते, मागे जिताडा, तांबोशी. जिवंत कोळंबी लावा. धरणातल्या मरळ माशाचा दोरा इथं चालत नाही, ब्रेडला (विणलेल्या दोऱ्याला) पुढे जाड लीडर, म्हणजे गळाजवळचा मजबूत दोऱ्याचा तुकडा हवाच कारण जिताड्याच्या कल्ल्याची कडा ब्लेडसारखी असते. शिंगाळा लागला तर हाताने धरू नका, पाठीवर आणि बाजूला विषारी काटे असतात, टोचलाच तर सोसेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवायचा आणि दवाखाना गाठायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ओहोटीला तोंडाशी वाळूचा दांडा उघडा पडतो, सगळे त्यावर जाऊन उभे राहतात, पण भरती आली की आधी पाठीमागची सखल जागा भरते, समोर गुडघाभर पाणी आणि मागे कंबरभर. पाणी फिरलं की दांडा सोडा, मासा लागलेला असला तरी. ओहोटीच्या ओढीत पोहायचं तर नावच नको, तापीत पोहणारा असला तरी. गाडीही वाळूत घालू नका.

तंबू सुरूच्या बनाजवळ, वाळलेल्या शेवाळाच्या रेषेच्या बराच वर, ग्रामपंचायतीला विचारून. खुंट्या वाळूत टिकत नाहीत, पिशव्यांत वाळू भरून पुरा. हिवाळ्यात या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात, तेव्हा वाळूवर शेकोटी, मोठे लाइट काही नको. कांदळवन तोडणं गुन्हाच आहे. जेवणाला कळण्याच्या भाकरी आणि ठेचा घरूनच न्या, मासा मिळेलच या भरवशावर राहू नका 😄 पिण्याचं पाणी जास्त घ्या, कारण निघताना रॉड-रील गोड्या पाण्याने धुवायची असतात, घरी येईपर्यंत थांबलं तर बेअरिंग गंजून बसतात.