लाईटबिलावरची सरकारी मदत न्याय्य आहे का, हे स्वतःच्याच बिलावरून कसं तपासायचं

उन्हाळ्याचं बिल आलं की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेलं भांडण सुरू होतं. एकजण म्हणतो शेतकऱ्यांना फुकट देतात म्हणून आपल्याला महाग, दुसरा म्हणतो चोरी आणि थकबाकी आपल्या माथी मारतात, तिसरा दिल्लीत २०० युनिट फुकट असल्याचा फॉरवर्ड टाकून गायब होतो, आणि या सगळ्यात स्वतःचं बिल उघडून कोणी बघत नाही. मदत न्याय्य आहे की नाही हा शेवटी मताचाच प्रश्न आहे, पण त्याआधी अर्धा तास हिशोब करता येतो आणि तो केला की निम्मी भांडणं मिटतात, उरलेली निम्मी निदान नीट भांडता येतात. मी महावितरणचं बिल धरून सांगतोय. मुंबईत बेस्ट, टाटा किंवा अदानीचं असेल तर दर वेगळे, रकाने साधारण तेच.

आधी रकाने बघा

स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि खाली वीज शुल्क. स्थिर आकार म्हणजे एक युनिट नाही जाळलं तरी द्यायचे पैसे. वीज आकार युनिटवर, स्लॅबप्रमाणे म्हणजे युनिटच्या पायऱ्यांप्रमाणे चढत जाणारा. वहन आकार तारांतून वीज आणण्याचा. इंधन समायोजन म्हणजे कोळसा किंवा बाहेरून घेतलेली वीज ठरलेल्या अंदाजापेक्षा महाग पडली तर तो फरक, तो महिन्यागणिक बदलतो म्हणून वापर तेवढाच असून बिल वेगळं येतं.

वीज शुल्काकडे मात्र जरा जास्त वेळ बघा. घरगुती ग्राहकाला हे १६ टक्के आहे, ते वरच्या आकारांवर लागतं आणि सरळ राज्य सरकारच्या तिजोरीत जातं. म्हणजे दर वाढले की हे शुल्कही आपोआप वाढलं, सरकारने काहीही न करता. एका हाताने सवलत जाहीर करायची आणि दुसऱ्या हाताने वाढलेल्या बिलावर वाढीव शुल्क घ्यायचं, याच्यावर कोणी फारसं बोलत नाही आणि माझ्या मते मदतीची चर्चा खरं तर इथूनच सुरू व्हायला पाहिजे.

आता सरासरी काढा, युनिटची आणि माणसाचीही

उदाहरणाला २०२४-२५ चं दरपत्रक घेतो, तुम्ही तुमच्या बिलावर छापलेले दर घ्या. तेव्हा पहिल्या १०० युनिटला वीज आकार ४.७१ रुपये होता, १०१ ते ३०० ला १०.२९, ३०१ ते ५०० ला १४.५५, आणि सगळ्यांना वहन आकार १.१७. नीट बघा, पहिल्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर गेलं की दर दुपटीहून जास्त. स्वस्त पायरी हीच घरगुती ग्राहकाला मिळणारी सगळ्यात मोठी मदत, जाहिरात न करता मिळणारी.

समजा एका घरात नवरा-बायको दोघंच, महिन्याला १०० युनिट. वीज आकार ४७१ रुपये, सरासरी ४.७१. शेजारी आठ माणसांचं एकत्र कुटुंब, आजी-आजोबा, दोन भाऊ, त्यांच्या बायका, दोन पोरं, एकच मीटर, ३०० युनिट. त्यांचा वीज आकार ४७१ अधिक २०० गुणिले १०.२९ म्हणजे २,५२९ रुपये, सरासरी ८.४३. आता माणशी काढा. दोघांच्या घरात माणशी ५० युनिट, आठजणांच्या घरात माणशी साडेसदतीस. म्हणजे जे कमी वापरतायत ते जास्त दर देतायत, कारण मीटर माणसं मोजत नाही. वर वहन आकार धरून त्यांना नुसतं वीज शुल्कच ४६० रुपये, तेही स्थिर आकार आणि इंधन समायोजन न धरता. आणि तिकडे लोणावळ्याचा वीकेंड बंगला, महिन्यातून दोनदा उघडतो, ४० युनिट, त्याला सगळ्यात स्वस्त दर.

याचा अर्थ स्लॅब चुकीचे असा नाही. कमी युनिट वापरणारे बहुतेक लोक खरोखरच कमी कमाईचे असतात, त्यामुळे अंदाज म्हणून स्लॅब वाईट नाही. पण अंदाज आहे हे लक्षात ठेवायचं.

अजून एक गोष्ट इथेच तपासा, रीडिंग दोन-तीन महिन्यांनी एकदम घेतलं असेल तर युनिट तेवढ्या महिन्यांत वाटून मग स्लॅब लावला पाहिजे. तसं नसेल तर सेक्शन ऑफिसला लेखी द्या, तोंडी बोलून काही होत नाही.

पैसा येतो कुठून

दोन वाटा आहेत आणि लोक त्या कायम एकात एक करतात. पहिली, क्रॉस सबसिडी. म्हणजे एका गटाला खर्चापेक्षा कमी दर आणि दुसऱ्याला जास्त. कारखाना, दुकान, मॉल आणि घरगुतीतले जास्त वापरणारे खर्चापेक्षा वर देतात, शेती आणि छोटे घरगुती खाली. हे सरकारच्या बजेटमध्ये दिसत नाही, ते दरपत्रकातच मुरलेलं असतं. कोपऱ्यावरचा किराणावाला फ्रीजसाठी जो व्यापारी दर भरतो तो शेवटी तुमच्या दुधाच्या पिशवीतून वसूल होणारच. वीज कायदा २००३ म्हणतो की ही क्रॉस सबसिडी हळूहळू कमी करत न्यावी, आणि केंद्राचं दर धोरण म्हणतं की दर सरासरी पुरवठा खर्चाच्या २० टक्के खाली-वर एवढ्यातच असावेत. हे प्रत्यक्षात किती पाळलंय ते बघायला महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचा दर आदेश उघडा, पानं शेकड्यात असतात, घाबरू नका, त्यात सरासरी पुरवठा खर्च आणि प्रत्येक गटाचा सरासरी दर असा तक्ता असतो, तेवढाच शोधा.

दुसरी वाट म्हणजे सरकारने तिजोरीतून दिलेली सबसिडी. याला कायद्याचं कलम ६५ लागू आहे, सरकारला कोणाला स्वस्त द्यायची असेल तर खुशाल द्या, पण पैसे वीज कंपनीला आगाऊ भरा. मोठं उदाहरण म्हणजे मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना. एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी, साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना, सुमारे ४४ लाख शेतकरी आणि वर्षाला १४,७६० कोटी. हे पैसे बजेटमधून येतात, म्हणजे 'शेतकऱ्याचं बिल माझ्या बिलात टाकलं' हे वाक्य तेवढ्यापुरतं चूक, आणि शेतीचा मूळ दरच क्रॉस सबसिडीवर ठरलेला असतो हे धरलं तर थोडं बरोबर. दोन्ही बाजूंना अर्धं अर्धं, म्हणून तर भांडण संपत नाही.

मला विचाराल तर शेतकऱ्याला मदत द्यायला काहीच हरकत नाही, पण फुकट विजेचा फायदा ज्याच्याकडे विहीर आणि पंप आहे त्यालाच मिळतो. कोरडवाहू शेतकऱ्याला, शेतमजुराला यातलं काय मिळतं? आणि रात्री दोनला लाईट येणार असेल, अंधारात साप-विंचवातून पाणी पाजायला जावं लागणार असेल, तर त्या माणसाला आधी फुकट हवीय की दिवसा हवीय हे त्यालाच विचारा. सौर कृषी वाहिनी योजना दिवसा वीज द्यायला आणलीय, ती जितकी पुढे जाईल तितका हा मुद्दा सुटेल.

सुटलेले कोण, ही यादी करा

कुठलीही मदत जाहीर झाली की ज्यांना मिळाली त्यांचे फोटो येतात, सुटलेल्यांचे येत नाहीत. म्हणून ही यादी मुद्दाम करायची.

पहिले भाडेकरू. चाळीत, खोल्यांमध्ये मालकाचा एकच मीटर आणि आत सबमीटर, मालक सगळ्यांकडून सरसकट एक दर घेतो. आत राहणारा महिन्याला ६० युनिट वापरतो, त्याचा हक्क पहिल्या स्लॅबचा, पण भरतो वरच्या स्लॅबचा किंवा त्याहून जास्त. सरकारने उद्या पहिला स्लॅब अजून स्वस्त केला तरी याला दमडी मिळत नाही. इथे एक उपाय आहे, वीज कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे कनेक्शन मागायचा हक्क मालकाबरोबर तिथे राहणाऱ्यालाही आहे. भाडेकरार आणि ओळखपत्र घेऊन अर्ज करता येतो. मालक कटकट करेल हे मान्य.

दुसरे दारिद्र्यरेषेखालचे. त्यांच्यासाठी वेगळा स्वस्त दर आहे पण अट वर्षाला ३६० युनिटची, म्हणजे महिन्याला ३०. एक ६० वॅटचा पंखा दिवसाला १२ तास चालवला की २१ ते २२ युनिट तिथेच गेले, दोन एलईडी बल्ब सहा तास, आणखी तीन. टीव्हीचं नाव काढायचं नाही. विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या घरात पंखा रात्रंदिवस चालणार, मग ते कुटुंब अचानक गरीब राहिलं नाही का? हा आकडा कोणी ठरवला त्याने चंद्रपूरला उन्हाळा काढावा.

दुसऱ्या राज्यांची योजना ढकलण्याआधी ती आतून बघा

दिल्लीत २०० युनिटपर्यंत बिल शून्य, ४०० पर्यंत निम्मी सवलत तीही जास्तीत जास्त ८००, आणि त्यापुढे एक युनिट गेलं की काहीच नाही. उतार नाही, थेट कडा. अशा कड्याजवळ लोक मग एका घरात दोन मीटर लावायच्या मागे लागतात.

कर्नाटकची गृहज्योती बेळगाव-निपाणीकडच्या मंडळींना ओळखीची असेल. तिथे २०० ची मर्यादा आहे पण प्रत्येकाला २०० नाहीत, साधारणपणे २०२२-२३ मधली तुमची सरासरी अधिक १० टक्के एवढेच फुकट. वापर उधळू नये म्हणून ही युक्ती चांगली. पण हिशोब करा, ज्याची सरासरी ५० होती त्याला ५५ युनिट फुकट, ज्याची १८० होती त्याला १९८. जास्त उपकरणं असलेल्या घराला साडेतीन पटीहून जास्त मदत. भाडेकरूंना मात्र त्यांनी आत घेतलं, ते आपण उचलायला हरकत नाही.

गॅसचाही तोच हिशोब

उज्ज्वलाला, म्हणजे गरीब घरातल्या बाईच्या नावावर केंद्राने दिलेल्या गॅस कनेक्शनला, सिलेंडरमागे ३०० रुपये केंद्राकडून, आणि राज्याची अन्नपूर्णा योजना वर्षाला तीन सिलेंडर मोफत देते, उज्ज्वला आणि लाडकी बहीणला पात्र कुटुंबांना, कनेक्शन बाईच्या नावावर हवं. पण पैसे आधी भरायचे, मग खात्यात येणार. ज्या घरी सिलेंडरचे पूर्ण पैसे एकदम निघत नाहीत तिथे सिलेंडर भरलाच जात नाही, आणि भरला नाही तर सबसिडीही नाही. म्हणजे सगळ्यात गरीब घर बाहेर, तेही नियमात बसत असून. कनेक्शन बाप्याच्या नावावर असेल तर गॅस एजन्सीत आधी ते नाव बदलून घ्या, आणि आधार जोडलेलं खातं कुठलं ते बघा, बऱ्याचदा पैसे जुन्या विसरलेल्या खात्यात पडून असतात.

सूर्यघर, म्हणजे छपरावर सौर पॅनेल बसवायला केंद्राची मदत, त्याबद्दल थोडक्यात. ३ किलोवॅटला केंद्राचे ७८,००० मिळतात, स्वतःचं छप्पर आणि वरचे पैसे असतील तर जरूर घ्या, बिलात फरक पडतो. पण ही मदत छप्परवाल्याला आहे हे विसरू नका. फ्लॅटवाल्यांनी सोसायटीच्या लिफ्ट, पंप, जिन्याच्या लाईटसाठी किलोवॅटला १८,००० चा वेगळा भाग आहे तो सेक्रेटरीच्या कानावर घालावा, त्याने मेंटेनन्स कमी होतो आणि तिथे राहणाऱ्या भाडेकरूलाही थोडा फायदा पोचू शकतो.

मत बनलं की ते पोचवायचं कुठे

ग्रुपवर नाही. दरवाढीची याचिका आली की आयोग वर्तमानपत्रात नोटीस देतो आणि सूचना-हरकती मागवतो, कोणीही साधा ग्राहक पाठवू शकतो, वकील लागत नाही, मराठीत चालतं, आणि सुनावणीत बोलायचंय असं लिहिलं तर बोलताही येतं. पुण्याची प्रयास, मुंबई ग्राहक पंचायत या संस्था हे वर्षानुवर्षं करतायत, त्यांचं मांडलेलं आधी वाचलं तर मुद्दे नेमके होतात. बिलातली चूक असेल तर तो मार्ग वेगळा, आधी १९१२ हा तक्रारीचा फोन नंबर किंवा ऑफिस, मग ग्राहक तक्रार निवारण मंच, मग विद्युत लोकपाल, तिथे धोरणावर भाषण करू नका, रीडिंगचा फोटो आणि तारखा द्या.

हरकत लिहिताना 'दर परवडत नाहीत' एवढंच लिहिणारे हजार असतात. त्यापेक्षा वर काढलेली माणशी युनिटची सरासरी द्या, घरात माणसं किती ते द्या, आणि एकच मागणी करा. मी तरी हे मागेन की स्वस्त युनिट देण्याऐवजी रेशनकार्डावरच्या माणसांप्रमाणे ठराविक रुपये खात्यात द्यावेत, ते बजेटमधून, उघड, म्हणजे एकत्र कुटुंबही सुटणार नाही, सबमीटरवालाही नाही आणि लोणावळ्याच्या बंगल्याला काही मिळणार नाही. रेशनकार्डात घोळ आहेत, नावं चढलेली नसतात, हे माहीत आहे, म्हणून नाव चढवायचं काम आत्ताच उरकून घ्या. आणि बिलाची प्रत कुठे जाहीर टाकणार असाल तर ग्राहक क्रमांक आणि मोबाईल नंबर झाकून टाका, बिल अपडेटच्या नावाने फसवणारे फोन हल्ली फार येतायत.