महाडीबीटी स्कॉलरशिपचा फॉर्म भरताय? मग या चुका टाळा

दरवर्षी तेच. ॲडमिशनच्या गडबडीत पोरं सायबर कॅफेत जाऊन महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलचा, फॉर्म भरतात, सबमिट झालं की प्रिंट काढून कॉलेजच्या क्लार्ककडे देतात आणि विसरून जातात, मग पुढचं वर्ष सुरू झालं तरी खात्यात रुपया नाही म्हणून पोर्टलला शिव्या. आता पोर्टल काही फार गुणी आहे असं नाही, साईट लटकते, ओटीपी वेळेवर येत नाही, सगळं खरंय. पण बऱ्याच केसेस अडकतात त्या आपल्या बाजूच्या बारीकसारीक गोष्टींमुळे, आणि त्या लक्षात येतात सबमिटनंतर.

आधार बँकेत दिलंय ना, मग झालं की!

नाही झालं. सगळ्यात जास्त घोळ इथेच आहे. केवायसीला आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) तयार झालं असं होत नाही, त्यासाठी तुमचा आधार नंबर एनपीसीआयकडे (बँकांमधले पेमेंट चालवणारी संस्था) त्या बँकेशी जोडलेला लागतो, त्याला आधार सीडिंग म्हणतात. आणि एका आधारला एका वेळी एकच बँक जोडलेली राहते, शेवटी जी जोडली ती. म्हणजे समजा तुमचं जुनं खातं गावच्या बँकेत आहे, पासबुक तेच अपलोड केलंय, पण मध्ये कधीतरी ऑफर बघून मोबाईलवर एक नवीन खातं उघडलं आणि तिथे आधारच्या संमतीवर न वाचताच टिक केली, तर स्कॉलरशिप जाणार त्या नवीन खात्यात. पोरगं इकडे जुन्या पासबुकात एन्ट्री मारून मारून थकतं आणि पैसे तिकडे पडून असतात.

बघायचं कसं? मायआधारच्या साईटवर आधार नंबर आणि ओटीपी टाकून लॉगिन करा, तिथे बँक सीडिंग स्टेटस म्हणून ऑप्शन आहे. बँकेचं नाव दिसतं आणि स्टेटस ॲक्टिव्ह आहे की इनॲक्टिव्ह तेही दिसतं. इनॲक्टिव्ह असेल किंवा भलतीच बँक असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन आधार सीडिंगचा फॉर्म भरा, काउंटरवर नुसतं 'लिंक करा' म्हणू नका, 'डीबीटीसाठी सीडिंग करायचंय' असं स्पष्ट सांगा. आणि काही दिवसांनी परत चेक करा, बँकवाले हो म्हणाले एवढ्यावर घरी बसू नका.

खात्याचा प्रकारही बघून घ्या. पूर्ण केवायसी न करता उघडलेलं स्मॉल अकाउंट असेल तर त्यात वर्षाला एकूण 1 लाखापर्यंतच रक्कम जमा होऊ शकते, त्यामुळे इंजिनिअरिंग-फार्मसीची फी असेल तर गाडी अडू शकते. दोन वर्षं व्यवहारच केला नाही तर खातं इनऑपरेटिव्ह होतं, तेही आधीच चालू करून घ्या.

सायबर कॅफेवाल्याचा मोबाईल नंबर

हे तर करूच नका. घाईत तो स्वतःचा नंबर टाकतो, पासवर्ड पण त्याचाच, आणि पुढच्या वर्षी रिन्यूअल करायला गेलं की लॉगिनच होत नाही. मग लोक काय करतात, नवीन आयडी काढतात, आणि मागच्या वर्षीचं रेकॉर्ड एकीकडे, या वर्षीचा फॉर्म दुसरीकडे, असा गुंता होऊन बसतो. फॉर्म त्याच्याकडून भरून घ्या हरकत नाही, पण नंबर-ईमेल तुमचा, पासवर्ड तुमचा, आणि सबमिट करायच्या आधी स्क्रीन स्वतः वाचा. होस्टेलला राहता आणि फॉर्मवर डे स्कॉलर (घरून ये-जा करणारा) पडलंय, हे नेहमीचं आहे, आणि निर्वाह भत्ता, म्हणजे राहण्या-खाण्याच्या खर्चासाठीची रक्कम, त्यावरच ठरतो.

उत्पन्नाचा दाखला

दाखल्यावर कुठल्या तारखेपर्यंत वैध ते लिहिलेलं असतं, साधारण 31 मार्च. बरेच जण मागच्याच वर्षीचा अपलोड करतात आणि फॉर्म परत येतो. दाखला तहसीलदारांचा लागतो, बाबांची सॅलरी स्लिप चालत नाही.

राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेला म्हणजे आपल्या ईबीसीला आईवडील दोघांचं मिळून उत्पन्न 8 लाखांच्या आत पाहिजे, प्रोफेशनल कोर्स असेल तर ॲडमिशन कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) पाहिजे, आणि घरातल्या दोनच मुलांना लाभ मिळतो. मॅनेजमेंट कोट्यातून ॲडमिशन घेऊन हा फॉर्म भरण्यात काही अर्थ नाही. उलट काहींना मिळतंय जास्त आणि माहीतच नाही: ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या मुलींना 8 लाखांच्या आत उत्पन्न असेल तर 2024-25 पासून प्रोफेशनल कोर्सला ट्यूशन आणि परीक्षा फी आधीसारखी 50 नाही, 100 टक्के माफ आहे. कॉलेजने अर्धी फी मागितली तर आधी हे विचारा.

सबमिटनंतर लॉगिनच न करणं

फॉर्म आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, मग विभागाकडे. कुठेही त्रुटी निघाली की सेंड बॅक होऊन तुमच्याच अकाउंटला येऊन पडतो, आणि तुम्ही दुरुस्त करून परत सबमिट केल्याशिवाय जागचा हलत नाही. मेसेज येईलच याची खात्री नाही. त्यामुळे आठवड्यातून एकदा लॉगिन करून शेरा वाचायचा. बहुतेक शेरे साधे असतात, दाखला अस्पष्ट आहे, मार्कशीटवर आणि आधारवर नाव वेगळं आहे, गॅप सर्टिफिकेट (शिक्षणात खंड पडल्याचा दाखला) नाही. नावाचा घोळ मात्र लवकर हाताळा, आधार दुरुस्तीला वेळ लागतो आणि शेवटची तारीख काही थांबत नाही. आणि फॉर्म कॉलेजकडेच पेंडिंग दिसत असेल तर क्लार्कला जाऊन भेटा, फोनवर हो हो म्हणतात आणि फाईल तिथेच राहते.

पैसे आले की सगळे आपले, हा गैरसमज

अनुसूचित जातीच्या भारत सरकार शिष्यवृत्तीत केंद्राचा 60 टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, आणि त्यात कॉलेजची फी पण असते. मोबाईल घेतला, गाडीचं डाऊन पेमेंट केलं आणि मग परीक्षेच्या तोंडावर कॉलेजने फी मागितली की धावपळ. पैसे आले की निर्वाह भत्ता किती आणि फी किती ते पोर्टलवर बघा, फीचा भाग लगेच भरा आणि पावती घ्या.

एवढं करूनही काही हललं नाही तर पोर्टलवरच तक्रारीचा ऑप्शन आहे. तक्रार टाकताना ॲप्लिकेशन आयडी, योजनेचं नाव आणि अडकलेल्या स्टेटसचा स्क्रीनशॉट द्या, नुसतं 'पैसे आले नाहीत' लिहिलं तर उत्तरही तसंच मोघम येतं.