संमतीचा घटस्फोट : अटींचा मसुदा वकिलाकडून कसा करून घ्यावा

"दोघं तयार आहेत ना, मग टायपिस्टकडून नमुना भरून घ्या," हा सल्ला सोलापुरात अजून सर्रास मिळतो. तो ऐकू नका. तुम्ही सह्या केलेल्या अटीच बहुतेक वेळा जशाच्या तशा हुकूमनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या अंतिम आदेशात, उतरतात. तिथे मोघम राहिलेलं पुढे वसूल होत नाही. समुपदेशनात असे कागद घेऊन परत आलेली माणसं मी सतत पाहते.

वकील कौटुंबिक दावे नेहमी चालवणारा बघा. १९८४च्या कुटुंब न्यायालय कायद्यात बाजू मांडायला वकील हक्काने मिळत नाही, कोर्टाची परवानगी लागते. पण मसुदा वकिलाकडून करून घ्यायला कसलीच आडकाठी नाही. दोघांत एकच वकील असेल, तर सहीआधी दुसऱ्या वकिलाला मसुदा दाखवाच. बायकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. हेल्पलाइन १५१००. फी कशाकशाची, हे आधीच लिहून घ्या.

आता अटी. मीही सुरुवातीला इथेच अडखळायचे. 'वडिलांनी मुलास सोयीनुसार भेटावे' हे वाक्य दिसलं की मी मसुदा परत पाठवते. सोय कुणाची? असं लिहून घ्या : पहिला आणि तिसरा रविवार, सकाळी १० ते संध्याकाळी ५, मुलाला आईच्या घरून न्यायचं आणि तिथेच सोडायचं. दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीच्या वाटण्या वेगळ्या लिहा. आणि गड्डा यात्रा विसरू नका! संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा आली की दरवर्षी 'पोराला कोण नेणार' यावरून भांडणं माझ्याकडे येतात. एक वर्ष आई, एक वर्ष वडील, एवढी एक ओळ पुरते.

पोटगीत रक्कम, तारीख, खातं, दरवर्षीची वाढ, शाळेची फी त्यातच की वेगळी, हे सगळं हवं. यंत्रमागावर आठवड्याला पगार होत असेल, तर हप्ताही तसाच बांधा; महिन्याचा एकरकमी हप्ता थकतो. मुलाच्या पोटगीचा हक्क आईने सोडला, असं लिहू देऊ नका. तो हक्क मुलाचा आहे. एकरकमी पोटगी असेल, तर उरलेल्या रकमेचा डिमांड ड्राफ्ट कोर्टासमोर हातात पडल्याशिवाय संमतीचा शेवटचा जबाब देऊ नये, यावर मी ठाम आहे.

'सर्व स्त्रीधन मिळाले' यावर दागिने हातात येण्याआधी सही नको. गंठण, पाटल्या, वजनासकट यादी जोडा. घर नावावर होणार असेल, तर मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च कुणाचा, तेही लिहा.

४९८अची (सासरी छळाची फौजदारी) केस चालू असेल, तर 'केस मागे घेऊ' एवढं लिहून भागत नाही. ती रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं. १८ ऑगस्ट २०२५पासून सोलापूरकरांसाठी ते कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे. अर्ज कोण करणार, किती दिवसांत, प्रतिज्ञापत्राला कोण येणार, खर्च कुणाचा, हे अटींतच ठरवा.

मसुदा इंग्रजीत असेल, तर ओळ न् ओळ समजावून घ्या. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरात मी तेलुगू येणारं माणूस शेजारी बसवते, मगच सह्या होतात.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. २०१७च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर योग्य प्रकरणात ही मुदत माफ होऊ शकते, त्यासाठी वेगळा अर्ज द्या. हुकूमनामा होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं, हे लक्षात ठेवून पैसे आणि दागिन्यांचे टप्पे आखा.

निकालानंतर प्रमाणित प्रती घ्या आणि नावं, रकमा, तारखा तिथल्या तिथे तपासा. चूक दिसली, तर लगेच दुरुस्तीचा अर्ज करा. पुढे अट मोडली गेली, तर दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, याच प्रतीवर दाखल होते.