मिडब्रेनला करंट दिला की पाय का चालतात? हा पाथवे डोक्यात बसवायचा कसा

मेडिकलची फर्स्ट इयरची पोरं मिडब्रेनपासून (मेंदूचा मधला भाग) पायापर्यंतचा हा चालण्याचा पाथवे घोकतात आणि वायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत अडकतात, कारण बाण कुठून कुठं जातो ते पाठ असतं पण चालण्याचा ताल नक्की कोण तयार करतंय ते कळलेलं नसतं.

तर आधी पुस्तक मिटा आणि संध्याकाळी रंकाळ्याला एक चक्कर मारून या. गप्पा मारत चाललेल्या माणसांच्या पायाकडं बघा. टाच टेकते, वजन पुढं सरकतं, तोवर दुसरा पाय गुडघ्यात वाकून पुढं येतोय, आणि यातलं काही कुणी ठरवून करत नाही.

आता कागद घ्या. वर मिडब्रेन काढा, त्याच्या मागच्या बाजूच्या इन्फिरिअर कॉलिक्युलस या उंचवट्याच्या खालच्या अंगाला दोन ठिपके, क्युनिफॉर्म आणि पेडंक्युलोपाँटाइन न्यूक्लियस (न्यूक्लियस म्हणजे चेतापेशींचा पुंजका). हाच तो मेसेन्सेफॅलिक लोकोमोटर रीजन, एमएलआर, म्हणजे मिडब्रेनमधली चालण्याची जागा. मिडब्रेनमधलाच रेड न्यूक्लियस वेगळा बरं का, त्याचा रुब्रोस्पायनल ट्रॅक्ट वेगळ्या वाटेनं जातो, तो इथं घुसडू नका.

1966 ला मॉस्कोत शिक, सेवेरिन आणि ऑर्लोव्स्की यांनी वरच्या मेंदूशी संबंध तोडलेलं मांजर ट्रेडमिलवर धरलं आणि या जागी करंट दिला, तर ते चालायला लागलं. करंट वाढवला तशी चाल, मग दुडकी, मग भरधाव, गाडीची मूठ पिळावी तसं.

इथं जरा थांबा, कारण सगळी गंमत इथंच आहे. पल्स जातात सेकंदाला साधारण 30 ते 60, आणि पावलं पडतात एखाद-दुसरं. करंट सरळ स्नायूपर्यंत पोचत असता तर पाय थरथरला असता नाहीतर आखडून बसला असता. म्हणजे मिडब्रेन फक्त 'चल' म्हणतो आणि किती जोरात ते सांगतो, ताल खाली स्पायनल कॉर्डमध्ये तयार होतो. मांजराचे स्नायू औषधानं लुळे केले, पाय हलतच नाही, तरी व्हेंट्रल रूटमध्ये (कॉर्डमधून स्नायूंकडं जाणाऱ्या नसांच्या मुळात) चालण्याचा ताल रेकॉर्ड होतो. याच्यापेक्षा चांगला पुरावा काय पाहिजे!

मग पुढचे बाण सोपे. एमएलआरपासून मेड्युलाच्या, म्हणजे मेंदूच्या सगळ्यात खालच्या भागाच्या, रेटिक्युलर फॉर्मेशन या चेतापेशींच्या जाळ्याला (हा भाग थंड केला की चालणं बंद पडतं), तिथून रेटिक्युलोस्पायनल ट्रॅक्टनं कॉर्डच्या पुढच्या-बाजूच्या भागातून खाली. आणि मुख्य बाण इंटरन्यूरॉन्सच्या (मधल्या दुव्याच्या चेतापेशींच्या) जाळ्यावर, म्हणजे ताल तयार करणाऱ्या सीपीजीवर (सेंट्रल पॅटर्न जनरेटर) संपवा, डायरेक्ट स्नायू हलवणाऱ्या मोटर न्यूरॉनवर नको. या जाळ्यात फ्लेक्सर (पाय वाकवणारा) आणि एक्स्टेन्सर (पाय सरळ करणारा) असे दोन भाग काढा, एकमेकाला आलटून पालटून दाबणारे, ही कल्पना शरीरक्रिया शास्त्रज्ञ ग्रॅहॅम ब्राऊनची, 1911 ची.

पार्किन्सनमध्ये चालणं सुधारावं म्हणून पेडंक्युलोपाँटाइनला डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन, मेंदूत तार बसवून करंट देणं) करून बघितलंय, सबथॅलॅमिक न्यूक्लियस या नेहमीच्या जागेपेक्षा बऱ्याच कमी फ्रिक्वेन्सीनं. पण 'करंट दिला की पेशंट चालतो' असं पेपरात लिहू नका, कुणाचं पडणं कमी होतं, कुणाला फारसा फरक पडत नाही, तेवढंच लिहा.